गुबगुबीत अक्षरांतली श्रद्धांजली

आमच्या गल्लीतले एक काका गेले. तेरवीच्या आधी चौकात बॅनर लावायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण गल्लीच्या हिशेबानं मी 'कॉम्प्युटरवाला'. महालातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात गेलो. कॉम्प्युटरवर विशीतलं पोरगं बसलं होतं. हात भलताच चपळ. त्यानं काकांचा फोटो घेतला, मागे मावळता सूर्य टाकला, दोन्ही बाजूंना समया उभ्या केल्या. मग 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे शब्द टाइप केले, एक क्लिक मारली आणि अक्षरं फुगली. जाड, गोल, एकही टोक नसलेली, वाढदिवसाच्या फुग्यांसारखी एकमेकांना खेटून बसलेली.

"भाऊ, हा फॉन्ट नको. दुसरा घे ना."

"काहून? मस्त तं दिसून राह्यला."

"अबे, माणूस गेला ना."

"मंग? लांबून वाचता तं आलं पाहिजे. सगळे हाच घेऊन राह्यले."

घाई होती, मी वाद घातला नाही. संध्याकाळी बॅनर लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात एक ऑटोवाला थांबला, वर बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "कोणाचा बड्डे आहे?" त्याची चूक नव्हती. नागपुरात चौकात फोटो आणि खाली गुबगुबीत अक्षरं दिसली की कुणा भाऊंचा वाढदिवस असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. काकू तेव्हा गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मी वर बघितलंच नाही.

हा लेख त्या न बघण्यातून आला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण असं काही लिहिलं की लोक लगेच फॉन्टलाच शिव्या घालतात. माझं भांडण जाड, गोल अक्षराशी नाही. ते अक्षर सगळीकडे चिकटवणाऱ्या आळसाशी आहे. आणि त्या आळसात मी, तुम्ही, सरकार, कंपन्या, सगळे सामील आहोत.

आत्ता हातात असलेला फोनच बघा. यूट्यूबवरच्या मराठी व्हिडिओंची थंबनेल्स, इन्स्टाग्रामवरची सुविचारांची पानं, शेतकऱ्यांसाठीच्या योजनांच्या पोस्ट, कोचिंग क्लासच्या जाहिराती, घरच्या ग्रुपवर आलेली शुभ सकाळ. दहा मिनिटं सरकवत राहिलात तर जाड, गोल देवनागरी किती वेळा भेटते ते मोजा. मग त्या प्रत्येक ठिकाणी ती का आहे, हा प्रश्न स्वतःला विचारा. बहुतेक वेळा उत्तर एकच येईल: ॲपमध्ये समोर होती म्हणून.

या घराण्यातलं सगळ्यांत ओळखीचं अक्षर म्हणजे 'बालू'. ते मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटानं केलं आहे. गुगल फॉन्ट्सवर ते फुकट मिळतं, परवाना खुला आहे, कुणीही वापरावं. देवनागरीसोबत त्याची आणखी नऊ भारतीय लिप्यांतली भावंडं आहेत आणि त्यांची नावं मोठी गोड आहेत: गुजरातीचा बालू भाई, बंगालीचा बालू दा, गुरुमुखीचा बालू पाजी, मल्याळमचा बालू चेट्टन, तमिळचा बालू तंबी, तेलुगूचा बालू तम्मुडू, उर्दूचा बालू भाईजान. म्हणजे ज्या भाषेत भावाला जी हाक मारतात, तेच त्या लिपीचं नाव. सुरुवातीला याचं एकच जाड वजन होतं. पुढे 'बालू २' आलं आणि रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच वजनं मिळाली. याच गटाचं 'मोदक' तर त्याहून लठ्ठ. त्यात अक्षराच्या आतली पोकळी इतकी कमी आहे की नुसती फट उरते. नाव किती चपखल! मोदकासारखंच, सारण ठासून भरलेलं.

ही कामं उत्तम आहेत. देवनागरी फुगवणं सोपं नसतं. आपलं अक्षर बोरूतून आलं आहे. बोरूचं टोक तिरपं कापलेलं असतं, म्हणून हात एका दिशेला गेला की रेघ जाड होते आणि दुसऱ्या दिशेला गेला की बारीक. ही जाड-बारीक रेघ आपल्या डोळ्यांत शतकानुशतकं मुरली आहे. गोल अक्षर हा नियम मोडतं. त्याची रेघ सगळीकडे जवळपास सारखी आणि टोकं बोथट. मग 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध', 'ष्ट्य' यांचं काय करायचं? जागा तेवढीच, रेघ दुप्पट जाड, आणि त्यात दोन-तीन अक्षरं कोंबायची. प्रत्येक जोडाक्षर वेगळं बसवावं लागतं, कुठे रेघ चोरावी लागते, कुठे पोट आत घ्यावं लागतं. ज्यांनी हे केलं त्यांना माझा नमस्कार.

आणि हे अक्षर योग्य जागी बसलं की काय शोभतं! तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवून निघालेल्या पोरांच्या कार्यक्रमाचं पोस्टर, संत्रा बर्फीचा डबा, उन्हाळ्यातलं रसाचं दुकान, पहिलीच्या मुलाचं गोष्टीचं पुस्तक, सेलची पाटी. शब्द मोजके, आकार मोठा, मूड हसरा. अशा अक्षराला इंग्रजीत 'डिस्प्ले' म्हणतात, म्हणजे मिरवण्याचं अक्षर. वरातीत नाचणारा घोडा. त्याला नांगराला जुंपला तर घोडाही मरतो आणि शेतही नांगरून होत नाही.

आपण नेमकं तेच चालवलं आहे. त्याचे तीन तोटे सांगतो.

पहिला तोटा वाचण्याचा. "लांबून वाचता आलं पाहिजे," असं फ्लेक्सवाला म्हणाला. त्याला वाटतं जाड म्हणजे वाचनीय. हा गैरसमज जवळजवळ सगळ्यांचा आहे. पण अक्षर आपण काळ्या रेघेवरून जितकं ओळखतो, तितकंच आतल्या पांढऱ्या जागेवरून ओळखतो. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' या जोड्या बघा. त्यांच्यातला फरक डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातली एवढीशी गाठ आणि शिरोरेषेतली एवढीशी फट. रेघ जाड करत नेली की आधी ही फट बुजते. मोठ्या फलकावर चालून जातं. तेच अक्षर थंबनेलमध्ये दोन बोटांच्या रुंदीत आलं, वर पिवळा रंग, भोवती काळी किनार, किनारीला सावली, की 'धडा'चा 'घडा' होतो, 'भारत'चा 'मारत' होतो आणि 'वीजबिल भरणा केंद्र' हे 'वीजबिल मरणा केंद्र' होतं. बिल बघितल्यावर दुसरंच जास्त खरं वाटतं, ती गोष्ट वेगळी. तीच गत अनुस्वाराची आणि रफाराची. शिरोरेषेवर जागा थोडी, तिथे वेलांटी, रफार आणि टिंब तिघंही जाडजूड होऊन बसले की एक गोळा उरतो. लग्नपत्रिकेत हा गोळा चालेल. औषधाच्या सूचनेत, पुराच्या इशाऱ्यात, परीक्षेच्या वेळापत्रकात चालणार नाही.

दुसरा तोटा आवाजाचा, आणि माझ्या मते तो जास्त मोठा आहे. अक्षराला आवाज असतो. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी आयुष्यभर अक्षरं काढली, तेव्हा ते नाटकाचं नाव नुसतं लिहीत नव्हते. नाटक गंभीर की फार्स, हे तिकीट काढण्याआधी अक्षरच सांगायचं. गोल अक्षराचा आवाज लाडिक आहे. मांडीवर बसवून बोलल्यासारखा. लहान मुलाशी तसं बोलणं छान. पण आज मोठ्या माणसांशी सगळे तसंच बोलताहेत. कर्ज देणारं ॲप गोल अक्षरांत म्हणतं, चिंता नको, दोन मिनिटांत पैसे. हप्ता चुकल्यावर काय होईल, ते मात्र खाली राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. तिथे कुणाला गुबगुबीत अक्षर सुचत नाही! मऊ अक्षरातला हप्ता काही मऊ नसतो. ज्या कंपनीला तुमच्याकडून पैसे वसूल करायचे आहेत, ती टेडी बेअर होऊन आली की आधी तिचे पंजे बघावेत.

सरकारी जाहिरातींनाही हाच रोग लागला आहे. योजना असो, दंड असो, जनगणना असो, भाषा नियमांची आणि अक्षर बालवाडीचं. नागरिकाला गोड बोलून गप्प करायचं, अशी ही तऱ्हा आहे. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचे स्टॉल लागतात. लाखो माणसं येतात आणि पुस्तकं घेऊन जातात. ज्या वाचकांनी वाचनाला मुक्तीचं साधन मानलं, त्यांच्यासाठी कुणी संविधानाची उद्देशिका फुग्यांच्या अक्षरांत छापली, तर त्यात त्या वाचकांचा अपमान आहे. संविधानाची मूळ प्रत टाइप केलेली नव्हती, ती हातानं लिहिलेली आहे. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. छापखाने तेव्हाही होते. तरी हातानं लिहून घेतलं, कारण काही शब्दांना त्यांच्या वजनाचं अक्षर द्यावं लागतं, हे त्या पिढीला कळत होतं.

तिसरा तोटा आपल्या मराठीचा. २०२२ साली महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्यांचा कायदा बदलला. कामगार कितीही असोत, प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २५ सप्टेंबर २०२३ ला न्यायालयानं पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. मग पाट्या बदलल्या. सीताबर्डीवर किंवा धरमपेठेत चालत जा आणि मोठ्या ब्रँडच्या पाट्या नीट बघा. इंग्रजी नाव डिझायनरकडून घडवलेलं, प्रत्येक वळण मापून काढलेलं. त्याच्या शेजारी मराठी नाव दंड टाळायला आणलेलं, हाताला लागेल त्या जाड फॉन्टमध्ये ताणून बसवलेलं. इंग्रजीला शिंप्याकडून मापाचा सूट, मराठीला फुटपाथवरचा फ्री साइज टीशर्ट. आकाराचा नियम पाळला, मानाचा पाळला नाही. कायदा सेंटिमीटर मोजू शकतो. आदर मोजायची पट्टी त्याच्याकडे नसते. ती आपल्याकडे असायला हवी.

नागपुरात याला आणखी एक पदर आहे. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी आणि मराठी इथे एकाच गल्लीत, बरेचदा एकाच वाक्यात राहतात. मला त्याचं दुःख नाही, ती आमची श्रीमंती आहे. पण दोन्ही भाषांची लिपी एक असली तरी सगळी वळणं एक नाहीत. मराठी 'ल' दोन पाकळ्यांचा, हिंदीतला 'ल' उभ्या दांड्याला टेकलेला. 'श'चंही तसंच, डावी बाजू वेगळी वळते. ही मराठी वळणं कोणती, ते राज्य शासनानं २००९ मध्ये शासन निर्णय काढून ठरवलं. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही रूपांचा क्रमांक एकच असतो. फॉन्ट करणाऱ्यानं मराठी रूप आत ठेवलं असेल आणि मजकुराला 'ही मराठी आहे' अशी खूण असेल, तरच मराठी 'ल' उमटतो. बॅनरवाल्याच्या सॉफ्टवेअरला ही खूण कोण करणार? म्हणून पाटी मराठीची आणि 'ल' दुसऱ्या वळणाचा, असं घडतं. उद्या शाळेतल्या मुलाला तोच 'ल' खरा वाटेल आणि आजीच्या वहीतला चुकीचा. वळण हरवताना आवाज होत नाही. भाषेवरून मोर्चे निघतात, 'ल'साठी कोण निघणार?

आता आक्षेप ऐकू. मला तीन ठरलेले आक्षेप येतात.

पहिला: हे सगळे शिकल्यासवरलेल्यांचे चोचले आहेत, साध्या माणसाला फॉन्टचं काय पडलंय? मी उलट म्हणतो. ऑटोवाल्यानं एका नजरेत वाढदिवस ओळखला, त्याला कुणी डिझाइनचा कोर्स दिला होता? साध्या माणसाला अक्षराचा आवाज बरोबर ऐकू येतो, म्हणून तर तो फसला. आणि फ्लेक्स यायच्या आधी या शहरातल्या पाट्या कोण रंगवायचं? पेंटर. सपाट ब्रश, इनॅमलचा डबा, खडूची दोरी. दवाखान्याची पाटी वेगळी, पानठेल्याची वेगळी, वकिलाची वेगळी, हे त्यांना उपजत कळायचं. पाटीच्या कोपऱ्यात ते स्वतःचं नावही टाकायचे, कारण ते अक्षर त्यांनी निवडलेलं आणि काढलेलं असायचं. आजच्या फ्लेक्सखाली कोण नाव टाकेल? तिथे निवड झालेलीच नसते.

दुसरा आक्षेप पैशाचा: छोट्या दुकानदारानं महागडे फॉन्ट कुठून आणायचे? अहो, पण आणायचेत कुणाला? ज्या 'एक टाइप'नं बालू आणि मोदक दिले, त्यांनीच 'मुक्ता' दिलं. साधं, सोज्वळ, सात वजनांत, फुकट. 'तिरो देवनागरी मराठी' नावाचा फॉन्ट आहे. नावातच मराठी आहे, 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे आहेत, आणि तोही फुकट. पाटीचा थाट हवा तर 'यात्रा वन' आहे. मुंबईच्या लोकलमधल्या हातानं रंगवलेल्या अक्षरांवरून तो केला आहे. सगळे गुगल फॉन्ट्सवर आहेत, बालूच्याच रांगेत. फुकटात इतकं पान वाढलेलं असताना आपण रोज एकाच वाटीत हात घालतो आणि वर गरिबीचं कारण सांगतो.

तिसरा आक्षेप: मजकूर महत्त्वाचा, अक्षर कोणतं का असेना. ४ जुलै २०१२ ला सर्न या प्रयोगशाळेनं हिग्ज बोसॉन सापडल्याचं जगाला सांगितलं. भौतिकशास्त्रासाठी अनेक दशकांतून एकदा येणारा दिवस. शास्त्रज्ञ फाबिओला जियानोत्ती यांच्या स्लाइड्स 'कॉमिक सान्स'मध्ये होत्या. मायक्रोसॉफ्टच्या व्हिन्सेंट कॉनेअर यांनी १९९४ मध्ये कार्टूनच्या संवादांसारखं केलेलं ते अक्षर. त्या दिवशी इंटरनेटवर कितीतरी लोक कणाऐवजी फॉन्टवरच बोलत बसले. विश्वाचं कोडं सुटल्याची बातमीही चुकीच्या अक्षराच्या तावडीतून सुटत नाही. तुमच्या काकांची काय कथा!

'बालू' हे नाव ऐकून अस्वल आठवतं, आणि करणाऱ्यांनीही या अक्षराचं वर्णन केसाळ अंगातल्या टोकदार पंज्यांचं केलं आहे. किपलिंगच्या 'जंगल बुक'मधलं जंगल सिवनीचं. नागपुरातून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की पेंच ओलांडून पुढे तोच मुलूख. आपल्याला बालू म्हटलं की डिस्नेच्या १९६७ च्या सिनेमातलं नाचणारं, मस्तीखोर अस्वल दिसतं. १८९४ च्या पुस्तकातला बालू तसा नाही. तो मास्तर आहे. लांडग्यांच्या पिल्लांना आणि मोगलीला जंगलाचा कायदा शिकवतो. कुठे गप्प बसायचं, कुणाच्या हद्दीत शिरताना काय बोलायचं, ते पाठ करून घेतो. मोगलीनं टंगळमंगळ केली तर चापटीही देतो. अंगानं गुबगुबीत, पण शिस्तीचा पक्का.

आपण त्या अक्षराचं अंग घेतलं, शिस्त सोडली.

मी फार काही मागत नाही. पुढच्या वेळी फोनवर पोस्ट करताना, मंडळाचं बॅनर टाकताना, मित्राच्या दुकानाची पाटी करताना तीन गोष्टी करा. वाक्य मोठ्यानं वाचा आणि ते कोणत्या आवाजात वाचलंत ते लक्षात ठेवा. अक्षर त्या आवाजाचं हवं. मग चित्र अंगठ्याएवढं लहान करून बघा, 'भ'चा 'म' होत असेल तर वजन उतरवा. शेवटी 'ल'कडे एक नजर टाका. सगळं मिळून मिनिटभराचं काम आहे.

काकांचं वर्षश्राद्ध आलं तेव्हा मी परत त्याच दुकानात गेलो. या वेळी वेळ काढून गेलो होतो. 'प्रथम पुण्यस्मरण' तीन फॉन्टांत टाकायला सांगितलं. पोरगं कुरकुरलं, पण त्यानं टाकलं. मग स्वतःच उठलं, दुकानाबाहेर गेलं, रस्त्याच्या पलीकडच्या खांबाजवळ उभं राहून आतल्या स्क्रीनकडे बघत राहिलं. परत आलं.

"मधला घ्या. बारीक हाय, पण वाचता येते."

"आणि?"

"आन् काका काकाच वाटून राह्यले."

पैसे त्यानं तेवढेच घेतले.